मान वाकडी तर गोळी वाकडी

भरलेलं काडतूस सपाट काचेवर आडवं ठेवून बोटाने हळूच गडगडवलं, की गोळीच्या टोकाकडे बघावं. ते एका जागी स्थिर फिरतं, किंवा वर-खाली थरथरतं. नुसत्या डोळ्याला दिसण्याइतकी थरथर असेल तर चूक मोठीच आहे. ती दिसली की हाताने काडतुसं भरणाऱ्याचं मन पहिल्यांदा सीटिंग डायकडे, म्हणजे काडतुसात गोळी बसवणाऱ्या साच्याकडे, जातं. डाय स्वस्तातली आहे, जुनी आहे, बारीक मापाने जुळवता येणारी मायक्रोमीटरवाली घेतली की सगळं सुतासारखं सरळ होईल, असं वाटतं. मग महागडी डाय येते आणि थरथर तितकीच राहते.

याचं कारण साधं आहे. सीटिंग डाय गोळीला पुंगळीच्या मानेत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या वरच्या अरुंद भागात, ढकलते. मान ज्या दिशेला कललेली असेल त्याच दिशेला गोळी जाते, कारण गोळीला धरून ठेवणारी मान आहे, डाय नाही. प्रेसचा रॅम, म्हणजे पुंगळी वर नेणारा दांडा, खाली आला की डायचा हात सुटला. पुढे नेम धरून गोळी सोडेपर्यंत तिला सरळ किंवा तिरकी ठेवणारी ती मानच. म्हणून चांगल्या डायचं काम एवढंच: सरळ मानेत गोळी बसताना सरळपणा बिघडू द्यायचा नाही आणि प्रत्येक वेळी त्याच खोलीवर थांबायचं. वाकडी मान सरळ करणं तिच्या हातात नाही. डाय निवडताना हे मनात पक्कं असलं की अर्धा गोंधळ आपोआप मिटतो.

तेव्हा खरेदीआधी मोजमाप. वर्कशॉपात इंचाच्या हजाराव्या भागाला ‘थाऊ’ म्हणतात, तोच शब्द इथे सोयीचा आहे. एक थाऊ म्हणजे 0.0254 मिलीमीटर. साईझ केलेल्या, म्हणजे साच्यातून दाबून मापात आणलेल्या, रिकाम्या दहा पुंगळ्या रनआउट (फिरताना दिसणारा वाकडेपणा) मोजायच्या गेजवर ठेवा, डायल मानेच्या मध्यावर लावा आणि पुंगळी सावकाश एक फेरा फिरवा. काटा जास्तीत जास्त आणि कमीत कमी कुठे जातो ते लिहून घ्या. दोन आकड्यांतला फरक म्हणजे एकूण रनआउट. मानेचा मध्य अक्षापासून प्रत्यक्षात सरकलेला असतो तो याच्या निम्मा. या दहा पुंगळ्यांत मानेचा रनआउट एक-दीड थाऊच्या आत असेल आणि गोळी बसवल्यावर तो चार-पाच थाऊ होत असेल, तर दोष गोळी बसवण्यात आहे आणि नव्या डायचा विचार रास्त आहे. रिकाम्या पुंगळीच्या मानेवरच चार थाऊ दिसत असतील, तर नवी सीटिंग डाय घेऊन काहीही हाती लागणार नाही.

मान वाकडी होते ती बहुतेक वेळा साईझिंग डायमधून परत येताना. डाय आधी मान गरजेपेक्षा जास्त आवळते, मग आतल्या दांडीवरचा एक्सपांडरचा (मान पुन्हा रुंद करणारा) गोळा ती मान आतून ओढत बाहेर येतो. मानेत वंगण नसेल तर हा गोळा किंचाळत येतो, हँडलला झटका लागतो आणि मऊ ब्रास (पुंगळीचं पितळ) खांद्यापासून, म्हणजे मानेखालच्या उतारापासून, एका बाजूला खेचलं जातं. उपाय तीन आहेत. मानेच्या आतून ग्रॅफाईट किंवा अभ्रकाची कोरडी पूड लावायची. किंवा बुशिंगवाली (मान आवळणारी कडी बदलता येणारी) साईझिंग डाय वापरून मान हवी तेवढीच आवळायची आणि एक्सपांडर काढूनच टाकायचा. किंवा एक्सपांडर काढून वेगळ्या टप्प्यात मँड्रेल (नेमक्या जाडीची गुळगुळीत दांडी) वरून आत दाबायचा. ओढण्यापेक्षा दाबण्यात मान कमी वाकते. मला यातला मँड्रेलचा मार्ग सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण मानेच्या जाडीतला सगळा ओबडधोबडपणा तो बाहेरच्या अंगाला ढकलतो आणि गोळीला लागणारा आतला भाग गोल राहतो.

मान किती आवळायची याचा हिशोब सोपा आहे. 0.308 इंच व्यासाची गोळी आणि मानेच्या भिंतीची जाडी 14 थाऊ धरली, तर भरलेल्या काडतुसाच्या मानेचा बाहेरचा व्यास 0.308 अधिक 0.028, म्हणजे 0.336 इंच. दोन थाऊ पकड हवी तर बुशिंग 0.334 इंचाचं. बोल्ट रायफलला दोन थाऊ पुरतात. पकड वाढवत नेली की गोळी बसवायला जोर वाढतो, आणि जोर वाढला की त्या जोराला तिरकं जायची संधी मिळते. सीटिंगचे पुष्कळ त्रास इथूनच जन्माला येतात, हे फार कमी वेळा बोललं जातं.

एवढं ठीक असेल तर आता डाय.

प्रेसवर चढणाऱ्या बहुतेक डायांचे बाहेरचे आटे ठरलेले आहेत: 7/8 इंच व्यास, इंचाला 14 आटे. त्यामुळे एका उत्पादकाची डाय दुसऱ्याच्या प्रेसवर खुशाल बसते. साधी सीटिंग डाय म्हणजे एक पोकळ पोलादी नळकांडं, वरून आट्यांत खालीवर होणारा, गोळीला दाबणारा स्टेम, आणि आत एका उंचीवर क्रिंप करणारी, म्हणजे मानेचं तोंड गोळीवर आवळणारी, कड. हिची पोकळी जरा सैल असते, कारण तिला वेगवेगळ्या जाडीची ब्रास चालवून घ्यायची असते. पुंगळी वर जाते, गोळी तिच्या तोंडावर बोटाने टेकवलेली असते, थोडी कललेली. स्टेम तिला भेटतो तोपर्यंत तिला सरळ उभं करणारं काहीच नसतं. बोट-टेल गोळी, म्हणजे बुडाला निमुळती होत गेलेली, स्वतःहून मानेत मध्यावर येते. सपाट बुडाची गोळी कडेवर अडते आणि कललेल्या स्थितीतच आत शिरते.

तरीही साध्या डायला कमी लेखू नये. मानेच्या तोंडाला आतून चांगला चॅम्फर, म्हणजे कडेला उतार, दिला, पकड हलकी ठेवली आणि गोळी दोन टप्प्यांत बसवली, तर तिच्यातून दोन-तीन थाऊची काडतुसं निघतात. दोन टप्पे म्हणजे गोळी निम्मी आत गेली की रॅम जरा खाली घ्यायचा, पुंगळी शेलहोल्डरमध्ये (तिचं बूड धरणाऱ्या खाचेत) अर्धा फेरा फिरवायची आणि मग पूर्ण बसवायची. वेळ लागतो, पण शिकारीच्या रायफलीला याहून जास्त काही लागत नाही असं माझं मत आहे.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे सरकत्या स्लीव्हची डाय. रेडिंग आणि फॉर्स्टर या दोघांच्या डाया या रचनेच्या म्हणून ओळखल्या जातात. आत स्प्रिंगवर टेकलेला एक स्लीव्ह, म्हणजे नळी, असतो, रायफलीच्या चेंबरसारखा (काडतूस बसतं त्या पोकळीसारखा) नेमका कापलेला. रॅम वर जाताना पुंगळी आधी या स्लीव्हमध्ये शिरते, तिचं धड आणि खांदा तिथे धरले जातात, गोळीही त्याच स्लीव्हच्या अरुंद भागात उभी राहते. त्यानंतर पुंगळी, गोळी आणि स्लीव्ह तिघं मिळून वर सरकतात आणि स्टेमला भेटतात. गोळीला जोर लागायच्या आधीच ती पुंगळीच्या रेषेत आलेली असते, हा सगळा फायदा. मात्र स्लीव्हची अचूकता तुमची पुंगळी त्यात किती घट्ट बसते यावर आहे. हॉर्नाडीच्या डायमध्ये सरकणारा स्लीव्ह गोळी आणि मानेपुरताच असतो, धडाला तो धरत नाही. साध्या डायपेक्षा तो बरा, पूर्ण स्लीव्हच्या खालचा.

लीची डेड लेंग्थ डाय वेगळ्या वाटेने विचार करते. तिच्यात शेलहोल्डर डायच्या बुडाला पक्का टेकतो, त्यामुळे प्रेसचा ताण आणि सांध्यांतली ढिलाई लांबीत उतरत नाही. आरसीबीएसच्या स्पर्धेसाठीच्या डायला बाजूने खिडकी असते; गोळी तिथून सोडायची, ती स्लीव्हमधून घसरत मानेवर येते. बावीस कॅलिबरच्या आणि त्याहून लहान गोळ्या बोटांनी धरून रॅम वर नेताना बोट चिमटण्याची भीती असते, तिथे ही खिडकी खरंच कामाची आहे.

आणि मग हातडाय. एल. ई. विल्सनच्या डाया यातल्या सर्वांत परिचित. हिला आटे नाहीत, नेहमीचा प्रेस नाही, शेलहोल्डर नाही. पोलादाचं एक नळकांडं, आत चेंबर कापलेलं. पुंगळी खालून आत, तिच्या बुडाखाली सपाट तळ, वरून गोळी सोडायची, वरून स्टेम घालायचा आणि छोट्या आर्बर प्रेसने सरळ खाली दाबायचं. जोर एका रेषेत येतो. रॅमचा खेळ नाही, आट्यांची ढिलाई नाही, शेलहोल्डरचा तिरकेपणा नाही. बेंचरेस्टवाले, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणारे, ती पसंत करतात यात नवल नाही. तिचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो: हाताला कळतं. पन्नास गोळ्या बसवताना एखादी लोण्यात गेल्यासारखी जाते आणि एखादी घासत जाते. ती घासणारी वेगळी ठेवावी. तिच्या मानेची पकड बाकीच्यांसारखी नाही, हे कोणत्याही आकड्याआधी तळहाताला समजतं. जोर दाखवणारी डायल लावलेले आर्बर प्रेसही मिळतात. पण हातडाय संथ आहे, एका कॅलिबरपुरती आहे, आणि तिच्यात क्रिंप नाही. आठवड्याला दोनशे काडतुसं लागणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

यातली कुठलीही डाय घेतली तरी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं असा भाग बोटाच्या पेराएवढा आहे. तो म्हणजे स्टेमचं तोंड.

स्टेम गोळीला कुठे टेकतो? टोकाला टेकता कामा नये. उघड्या टोकाच्या मॅच (स्पर्धेच्या) गोळ्यांची टोकं एकाच डबीत एकमेकांपेक्षा कित्येक थाऊंनी लांब-आखूड असतात. टोक दाबून गोळी बसवली तर तो सगळा फरक खोलीत उतरतो. स्टेमने नाकाच्या वळणावर, टोकाच्या बरंच खाली, गोल कडीसारखं टेकायला हवं. तपासायची रीत अशी: गोळीचं नाक टोकापासून खाली काळ्या मार्करने पूर्ण रंगवा, वाळू द्या, स्टेम डायमधून काढून हातात घ्या आणि गोळी त्यात हलक्या दाबाने अर्धी-पाऊण वळण फिरवा. बाहेर काढून भिंगाखाली पाहा. नाकावर सगळीकडून सारखी, बारीक, उजळ कडी उमटली असेल तर स्टेम त्या गोळीला योग्य आहे. टोकावरचा रंग गेला असेल तर स्टेमचं भोक उथळ आहे. कडी एकाच बाजूला उमटली तर स्टेमचं तोंड तिरकं आहे किंवा त्यात मळ आहे. आणि कडी दोऱ्यासारखी धारदार, जॅकेटमध्ये, म्हणजे गोळीच्या बाहेरच्या धातूच्या आवरणात, रुतलेली असेल, तर स्टेमची कड तीक्ष्ण आहे.

लांब, निमुळत्या नाकाच्या गोळ्यांना अनेक उत्पादक वेगळा स्टेम देतात, तो घ्यावा. तीक्ष्ण कडेला उपाय घरीही होतो: गोळी हँडड्रिलमध्ये धरायची, नाकाला व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावायची, स्टेमच्या तोंडात मंद गतीने काही सेकंद फिरवायची, पुसायचं, बघायचं. उद्देश कड गुळगुळीत करण्याचा आहे, भोक मोठं करण्याचा नाही. सेकंदं मोजून थांबावं. नंतर सॉल्व्हंटने स्टेम इतका स्वच्छ करावा की पेस्टचा एक कणही उरणार नाही.

इथेच लांबीचा प्रश्न येतो. काडतुसाची एकूण लांबी, बुडापासून टोकापर्यंत, ही मॅगझिनसाठी आणि ठरलेल्या मर्यादेसाठी पाहायची: .308 विंचेस्टरला ती 2.810 इंच, .223 रेमिंग्टनला 2.260, 6.5 क्रीडमूरला 2.825. पण गोळी रायफलिंगपासून (नळीच्या आतल्या पिळदार खाचांपासून) किती दूर आहे हे टोक सांगत नाही. ते कळतं बुडापासून नाकाच्या वळणापर्यंतच्या मापातून, म्हणजे कॅलिपरला कम्पॅरेटर (नाकाच्या ठरलेल्या व्यासावर टेकणारी जोडणी) लावून. काटेकोर डायने या मापात एक-दोन थाऊच्या आत काडतुसं द्यावीत. देत नसेल तर डायला दोष देण्याआधी एक बारकी गोष्ट पाहावी. स्टेम नाकाला वरच्या, अरुंद व्यासावर टेकतो. कम्पॅरेटर खालच्या, रुंद व्यासावर. गोळ्यांच्या नाकाचा आकार या दोन ठिकाणांमध्ये बदलत असेल, तर स्टेम प्रत्येक वेळी अगदी त्याच जागी थांबूनही माप हलतं. वीस सुट्या गोळ्या बुडापासून वळणापर्यंत मोजून पाहाव्यात, मग त्याच गोळ्या स्टेमच्या तोंडात ठेवून दुसरं माप घ्यावं. दोन मापांतला फरक एका गोळीपासून दुसरीपर्यंत जेवढा हलतो, तेवढी तफावत डायच्या माथी मारायची नाही.

मायक्रोमीटर असलेली डाय घ्यावी का? एकाच गोळीवर, एकाच लांबीवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्याला गरज नाही. साध्या डायचा स्टेम एकदा जुळवला, लॉक केला, संपलं. पण लांबी तीन-तीन थाऊंनी बदलत चाचणी घ्यायची असेल, किंवा एकाच डायमध्ये तीन वजनांच्या गोळ्या बसवायच्या असतील, तर मायक्रोमीटर वेळ आणि डोकं दोन्ही वाचवतं. त्यावरचा आकडा म्हणजे लांबी नव्हे. तो फक्त त्या गोळीसाठी, त्या स्टेमसाठीची खूण आहे. शिवाय आट्यांत जरा खेळ असतोच, म्हणून आकड्यावर नेहमी एकाच बाजूने यावं, लांबकडून आखूडकडे. पुढे गेलात तर परत पाऊण वळण मागे घेऊन पुन्हा यावं.

साधी डाय लावताना जिथे हमखास चूक होते ती क्रिंपची कड. साईझ केलेली आणि ठरलेल्या लांबीला कापलेली रिकामी पुंगळी शेलहोल्डरमध्ये, रॅम पूर्ण वर, स्टेम भरपूर बाहेर काढलेला. डाय हाताने खाली फिरवत न्यायची, पुंगळीचं तोंड आतल्या कडेला टेकल्याचं बोटांना जाणवेपर्यंत. तिथून एक पूर्ण फेरा मागे. इंचाला 14 आटे असल्याने एक फेरा म्हणजे सुमारे 71 थाऊ. कड आता तोंडापासून सुरक्षित अंतरावर आहे. मग डाय जागेवर धरणारी लॉक रिंग आवळायची. त्यानंतर स्टेम थोडा थोडा खाली आणत, दर वेळी मोजत, हव्या लांबीला पोचायचं. हे अंतर न ठेवता डाय खाली बसवली, तर गोळी अजून आत सरकत असतानाच कड मानेचं तोंड आवळायला लागते. जॅकेट खरवडतं, सगळा दाब खांद्यावर जातो, खांदा किंचित फुगतो, आणि ते काडतूस चेंबरमध्ये जात नाही. हा फुगवटा डोळ्याला दिसत नाही. क्रिंप हवाच असेल, जसा जोरदार धक्क्याच्या रिव्हॉल्व्हरला किंवा नळीच्या मॅगझिनला लागतो, तर तो वेगळ्या डायने, वेगळ्या टप्प्यात द्यावा.

लॉक रिंग आवळतानाही डाय तिरकी होऊ शकते, कारण आट्यांतली ढिलाई ती एका बाजूला खेचते. एक पुंगळी आत घालून रॅमचा दाब डायवर ठेवावा आणि त्या दाबाखाली रिंग आवळावी. रिंगखाली रबरी ओ-रिंग घालून डायला थोडं तरंगू देणारेही आहेत. ज्या प्रेसचे आटे रॅमच्या रेषेत नेमके नाहीत तिथे ही युक्ती चालते. आणि शेलहोल्डरची खाच रोज ब्रशने झाडावी. तिथे अडकलेला जळक्या प्रायमरचा (दारू पेटवणाऱ्या टोपीचा) एक कण पुंगळीचं बूड उचलून धरतो, मग वरची सगळी अचूकता वाया.

दोष डायचा की ब्रासचा, हे ठरवायची एक खात्रीची पद्धत आहे. दहा पुंगळ्यांच्या मानेचा रनआउट मोजताना काटा सगळ्यात वर जातो तिथे मानेवर लाल ठिपका द्या. पुंगळीच्या बुडाच्या कडेला काळी रेघ मारा. गोळ्या बसवताना प्रत्येक काळी रेघ प्रेसच्या पुढच्या बाजूला ठेवा, लाल ठिपका कुठेही येऊ दे. आता भरलेल्या काडतुसांवर डायल मानेच्या जरा पुढे, गोळीवर लावा आणि काटा वर जातो तिथे निळा ठिपका द्या. दहाही निळे ठिपके काळ्या रेघेपासून साधारण एकाच दिशेला आले, तर स्टेम, डाय किंवा प्रेस तिरकी आहे. निळे ठिपके लाल ठिपक्यांच्याच बाजूला आले, तर मान वाकडी आहे आणि डाय निर्दोष. निळे ठिपके मनमानी पसरले असतील, तर मानेच्या तोंडांकडे पाहा: चॅम्फर असमान, कापणी तिरकी, किंवा भिंतीची जाडी एका बाजूला जास्त.

काही बिघाड हळूहळू येतात. शिशाच्या गोळ्यांचं मेण स्टेमच्या तोंडात साचतं आणि काडतुसं नकळत आखूड होत जातात. पिस्तुलाच्या काडतुसांत हे धोक्याचं, कारण तिथे पुंगळीतली जागा आधीच थोडी, गोळी खोल गेली की दाब चटकन चढतो. अल्ट्रासोनिक यंत्रात लख्ख धुतलेल्या पुंगळ्यांच्या मानेतून जळक्या थराचं नैसर्गिक वंगण निघून जातं, गोळी अडखळत जाते, लांबी हलते. तिथे ग्रॅफाईट पुन्हा लावावं. दारू इतकी भरलेली असेल की गोळी तिला चेपत बसते, तर स्टेम नाकावर कडी उमटवतो, आणि गोळी काही तासांत थोडी वर येते. अशी काडतुसं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावीत. मायक्रोमीटरवाल्या स्लीव्ह डायवर अशी चेपलेली भरणी करू नये. उत्पादकही ती टाळायला सांगतात.

लांबी बदलली की दाब बदलतो, हे मायक्रोमीटर फिरवताना विसरलं जातं, कारण ते फिरवणं फार सोपं आहे. गोळी रायफलिंगला टेकली की दाब वाढतो, म्हणून टेकण्याकडे जाताना भरणी कमी करून पुन्हा पायरीपायरीने वर यावं. टेकलेली गोळी न झाडता काडतूस बाहेर काढलं, तर गोळी नळीतच अडकून राहू शकते आणि दारू बोल्टच्या खाचांत सांडते. सुरुवात रायफलिंगपासून 20 थाऊ मागे करावी. तिथून पुढे-मागे जायला जागा राहते.

गोळ्यांची नवी डबी उघडली, उत्पादक तोच, वजन तेच, तरी पहिल्या पाच गोळ्या बुडापासून वळणापर्यंत मोजाव्यात आणि जुन्या डबीच्या पाच गोळ्यांशी ताडून पाहाव्यात. फरक तीन-चार थाऊ निघाला, तर मायक्रोमीटरवरची जुनी खूण पुसून टाकावी आणि एक काडतूस मुद्दाम लांब बसवून नव्याने खाली यावं.